आतली बाजू

अखाजीला अकरा दिवस.
बोरीच्या काठावर आवा अजून ऊन आहे.
राखेत हात घालून मी एकेक खापर काढते
आणि बोटाच्या पेरानं वाजवते.
टण्ण म्हणालं तर उजवीकडे,
बद्द म्हणालं तर डावीकडे.
सुपडूच्या बापाला डाव्या कानानं ऐकू येत नाही
म्हणून हे काम माझ्याकडे आलं तीस वर्षांपूर्वी,
ते परत गेलं नाही.

सदतीस चांगली. नऊ बद्द.
एकाच्या पाठीवर काळा डाग,
पऱ्हाट्यांचा धूर तिथं जरा जास्त वेळ बसला होता.

अमळनेरच्या बाजारात बायका खापर उचलतात,
उन्हात धरतात, माझ्यासारखंच वाजवतात,
"कितलाले देशी?"
मी आकडा सांगते.
"माटीनंच ते शे, व माय!"
हो, मातीचंच आहे.
माती आता वीटभट्टीवाला ट्रॉलीनं उचलतो
आणि आम्ही त्याच्याकडूनच विकत घेतो.
हे सांगत नाही. दहा रुपये कमी करते.
तिच्याही लेकी माहेरी यायच्या असतात,
मांडा काय तव्यावर होतो?

रात्री सून वही काढते.
रत्नप्रभा बारावी झालेली, रेघा सरळ मारते.
माती इतकी, लीद इतकी, सरपण इतकं,
फूटतूट.
मग पेन थांबवून विचारते,
"आत्याबाई, हाताचे किती लिहू?"
मी हातांकडे बघते.
"नंतर सांगते."
त्या रकान्यात गेल्या अखाजीपासून 'नंतर' लिहिलंय.

तिनंच फोनवर फोटो टाकले,
आणि कोथरूडच्या एका बाईंनी खापर मागवलं.
जुन्या गोधडीचा कापूस, केळीचा वाळला पाला,
खोक्यावर लाल अक्षरात 'नाजूक'.
पोचलं तेव्हा तीन तुकडे.
बाई म्हणाल्या, कुरिअरनं फोडलं.
कुरिअरवाला म्हणाला, बांधणी कच्ची.
सुपडू म्हणाला, बायकोनं खोका लहान घेतला.
रत्नप्रभा म्हणाली, भाजणीच कमी होती,
आणि माझ्या कानाकडे पाहिलं.
दोन दिवस सगळे एकमेकांच्या माथी खापर फोडत होते,
आणि खापर तर आधीच फुटलेलं.

दुसरं पाठवलं, आमच्याच खर्चानं.
आत भुईमुगाची टरफलं भरली
आणि खोक्यावर काही लिहिलंच नाही.
ते पोचलं.

काल बाईंचा फोटो आला.
गॅलरीच्या कठड्यावर
खापर सुलटं ठेवलेलं.
त्यात पाणी. काठावर एक बुलबुल.
"मांडे आपल्याला कुठले जमायला,
पण किती छान दिसतं ना!"

मी फोन पालथा घातला.
तीन दिवस चिखल तुडवायचा,
थापीनं अंगासरशी वाढवत न्यायचं,
पाठ अशी घोटायची की मांडा नुसता सरकला पाहिजे,
आणि ती पाठ सिमेंटवर घासतेय!
त्या रात्री भाकरी जास्तच थापली गेली.

सकाळी पुन्हा बघितला फोटो.
पाण्यातून तळ दिसत होता:
आतून धरलेल्या गुंड्याचे खळगे,
माझ्या डाव्या हाताची चार बोटं,
अंगठ्याचं नख मोडलं होतं तेव्हा,
त्याची बारीक कोर.
ही बाजू कायम चुलीकडे असते.
पहिल्याच दिवशी काजळी धरते
आणि मग कुणाला दिसत नाही,
करणारीलाही नाही.
सासूची बोटं अशीच जळत राहिली असणार
गावातल्या शेदोनशे चुलींवर,
मला तिचा अंगठा केवढा होता तेही आठवत नाही.

बुलबुलाला काय त्याचं.
तो पाणी पीत होता.

"बाईंना काय कळवू?" रत्नप्रभा विचारते.
"सांग, पाझरेल. खाली ताटली ठेवा.
आणि दुपारी पाणी बदला, तापतं."
ती बोटं चालवते, मग म्हणते,
"त्यांना अजून दोन हवीत, बहिणीला आणि मैत्रिणीला.
पाखरांसाठीच. मग पाठ कशाला घोटायची,
अर्धं काम वाचेल."

मी डावीकडच्या नऊंतलं एक उचलते, वाजवते.
बद्द.
"सदतीसातलीच काढ दोन.
आणि भाव वीसनं वाढव."
"वीस कशाचे लिहू?"
मी उत्तर देत नाही, टरफलांचं पोतं शोधते.
पाठ घोटलेलीच जाऊ देत.
एखादीला कधी उलटं करून बघावंसं वाटलं,
तर?