मोजदाद

ओव्हनच्या चकतीवरचे आकडे
आधीच्या मालकिणीनं घासून घासून घालवलेत.
साकीनाक्याच्या भंगारवाल्यानं तेवढ्यासाठी
दोनशे रुपये कमी घेतले.

म्हणून रात्री आठला मी बेकरीच्या मागच्या दाराशी.
मुस्तकीम कोपरापर्यंत पिठानं पांढरा.
विचारलं, आकड्यांशिवाय आच कशी कळते रे?
म्हणाला, पत्र्यावर चिमूटभर मैदा टाका,
दार लावा, शंभर मोजा.
शंभराच्या आत तांबूस झाला तर आच जास्त.
पांढराच राहिला तर ठेवा काय ठेवायचं ते,
आणि मग दाराला हात लावू नका.
सारखं डोकावणाऱ्याचं काही शिजत नाही, ताई.

काय भाजणार, ते त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
मरोळच्या गावठाणात, ईस्टरच्या आदल्या रात्री
ते विचारायचं नसतं.

तीन किलोचा खांदा, चरबीसकट.
कालच चोळून ठेवलेला:
लसूण, आलं, मिरी, ताडीचा सिरका, गुळाचा खडा
आणि बाटली मसाला,
बियरच्या तपकिरी बाटलीच्या तळाशी
इतका घट्ट बसलेला
की विणायच्या सुईनं टोकरून काढला.
हाताची आग दिवसभर गेली नाही.
एकदा विसरून डोळा चोळला.
उपासकाळातलं माझं रडणं तेवढंच.

खरं तर आमच्याकडे फोडी करतात.
आवळ्याएवढ्या, प्रत्येकीला चरबीची पट्टी.
बापूस गोदीत टॅली क्लार्क.
आठवडाभर गोणी मोजायचा,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
आणि रविवारी फोडी.
सहा ताटं, अठरा फोडी.
लिगोरनं एकदा चौथी उचलली.
बापूस बोलला नाही,
टेबलावर बोटानं नुसती एक आडवी रेघ ओढली.
लिगोरनं फोड परत ठेवली, चाटलेली.
सातवं ताट आयेचं.
ती म्हणायची, मला धरू नका,
मला आपलं हाडच आवडतं.

आता बापसाची कवळी
खिडकीतल्या ग्लासात एकटीच हसत असते.
हिरड्यांना बोचते म्हणून लावत नाही.
गेल्या ईस्टरला त्यानं एक फोड
अर्धा तास गालात फिरवली
आणि हळूच रुमालात घेतली. मी पाहिलं.

मिस्सातून परतले तेव्हा एक वाजला होता.
दाराला हात लावला नाही.
खुर्चीतच डुलकी,
नाकात मसाला, मांडीवर मेणबत्तीचे थेंब.
पहाटे पाचला उघडलं
तर वर काळी खरपूस साल
आणि खाली तांबडं तेल हळूहळू बुडबुडतंय.
दोन काटे टोचले, उलट दिशांना ओढले.
खांदा भांडला नाही.
रेषा-रेषा सुटत गेला,
हाड तर आपण होऊनच बाजूला झालं,
जसा पाहुणा उठतो, निघतो म्हणून.
सगळे दोरे त्याच तेलात परत कालवले.

बाराला सगळे जमले.
नायगावहून लिगोर, त्याची बेनेडिक्ता, तीन पोरं,
ओस्वाल्ड त्याच्या मोठ्या आवाजासकट.
मुस्तकीमचा पोरगा लादीपाव देऊन गेला, गरम.
पैसे नीट मोजून घेतले.
वास भिंतीपलीकडे गेला असणारच,
त्यांचं शटर अर्धं खाली होतं.

बापसानं सवयीनं विचारलं,
कितके आले एकेकाला?
कुणाला सांगता येईना.
लिगोर पावात कोंबत होता, तिसऱ्यांदा,
पोरं बोटांनी, ओस्वाल्ड कालथ्यानंच.
बापसाचं बोट टेबलावर उभं राहिलं,
रेघ कुठे ओढायची ते शोधत,
मग तेलात बुडालं
आणि तोंडात गेलं.
थोडं तिखट झालंय, म्हणाला. वाढ.

हाड मी आधीच झाकून ठेवलं होतं.
सगळे पेंगले तेव्हा स्वयंपाकघरात उभ्यानं,
आयेची आठवण म्हणून, जरा भरल्या गळ्यानंच,
तोंडाला लावलं.

सांध्यापाशी मांस चिकटलेलं, सालीचा कुरकुरीत कोपरा,
आत मगज, सगळा मसाला तिथंच मुरलेला.
अठरा फोडींत नव्हतं ते इथं होतं.

लबाड बाई.
दार लोटून घेतलं
आणि शेवटपर्यंत चोखलं.