दहा वाजून सात मिनिटं

मॅकल्सफील्डच्या बाहेर, रग्बी क्लबच्या ओल्या मैदानावर
रविवारी सकाळी सहाला गाड्यांच्या डिक्या उघडतात.
मी टॉर्च घेऊन जाते.
तीस वर्षं दातांच्या दवाखान्यात काढली,
अंधाऱ्या पोकळीत वाकून बघायची सवय आहे.
निवृत्त होताना बारीक हत्यारं मागून घेतली होती,
त्यांनी आता अडकलेली शटरं सोडवते.

घरी एकेचाळीस कॅमेरे.
एक पुस्तकासारखा, एक काठीच्या मुठीत दडलेला,
एक नुसताच देखणा, महोगनीचा, आल्ट्रिंचमला घडलेला,
त्याच्या भात्याला सतरा भोकं होती.
सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून मी ती बुजवली.
नवरा म्हणतो, एवढे डोळे घरात,
आणि माझा चष्मा एकालाही सापडत नाही.

त्या रविवारी ऑलरेनशॉ नावाच्या म्हाताऱ्याकडे
चहाच्या बशीत खिशातलं घड्याळ.
"बंद पडलंय. चार पौंड."
काटे दहा वाजून सात मिनिटांवर.
हातात घेतलं आणि कळलं,
काटे नुसते रंगवलेले.
किल्लीच्या टोपणाखाली
मसुराएवढी काच.

अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा
हे कुणी शिकवत नाही, येतंच.
मी साडेतीनला मागितलं.
घासाघीस केली नाही तर संशय येतो.

तीन आठवडे ते कपाटात बेचाळिसावं होऊन बसलं.
रात्री दहा वाजून सात मिनिटांनी
मी टीव्हीचा आवाज कमी करायचे.
का, ते सांगता येणार नाही.

चौथ्या रविवारी पाकिटात दोनशे पौंड घालून गेले.
तेच स्टूल, तीच बशी, बशीत आता कफलिंका.
म्हटलं, ते घड्याळ नव्हतं. कॅमेरा होता.
त्याने पाकीट उघडलं नाही,
मांडीवर ठेवलं आणि त्यावर थर्मास.

"विनिफ्रेड आत्याचं होतं.
तिनंच वाढवलं आम्हां तिघांना.
शाळेतून यायचो तेव्हा दारात उभी,
हे हातात, टोक आमच्याकडे.
वाटायचं, उशीर मोजतेय.
आम्ही धावत सुटायचो.
एडिथ तर एकदा फाटकाशी पडली,
गुडघा फोडून घेतला,
आणि आत्या तिथेच, तशीच..."

थांबला.
मागे कुणीतरी गवत कापायचं यंत्र
सुरू करून दाखवत होतं, ते सुरू होत नव्हतं.

"म्हणजे ती आमचे फोटो काढत होती."
मी मान हलवली.
"मग कुठे आहेत ते?"

मला ठाऊक होतं.
त्या मापाची रिळं
त्याच्या जन्माआधीच मिळेनाशी झाली होती.
विनिफ्रेडबाईंच्या हातात रिकामी डबी,
आणि बटणाची बारीक टिक,
तीही धावणाऱ्या पोरांना ऐकू न येणारी.

"माळ्यावर बघा," मी म्हटलं,
"एखाद्या बिस्किटांच्या डब्यात असतील.
लहान असतात. टपालाच्या तिकिटाएवढे."

त्याने कफलिंका खिशात टाकल्या,
बशी पुसली,
स्टूल मिटलं,
आणि डिक्की लावून घेतली.
साडेसातच वाजले होते.
गिऱ्हाईक अजून यायचं होतं.