परतीचा रकाना

दर बुधवारी निळा डबा खांद्याला अडकवून
मी कसबा बावड्याच्या गल्ल्यांतून फिरते.
आत चार बर्फाच्या पट्ट्या, मधोमध कुप्या.
या डब्याला आम्ही कॅरियर म्हणतो.
सव्वीस वर्षं झाली, शब्द तोंडात बसलाय.

त्याआधी मलकापूरला होते.
तिथं दवाखान्याची जुनी खोली पाडताना
कपाटामागं एक वही निघाली,
कडा वाळवीनं खाल्लेल्या, अक्षर मोडी.
हिंदुराव भोपळे, रिटायर कारकून,
भिंग धरून वाचत होते, मधेच थांबले.
"सिस्टर, ही औषधांची वही नव्हे.
पोरांची आहे."

काचेच्या नळीतली लस उन्हानं मरायची,
आंब्याच्या घाटापर्यंत टिकायची नाही.
पोराच्या दंडात मात्र आठ दिवस जगायची.
म्हणून करवीरातून एक पोर घ्यायचं,
टोचायचं,
आणि फोड पिकेस्तोवर चालवायचं.

मुलगा एक. वय अदमासे सात.
जात लिहिलेली, बोरू दाबून.
खुराक रोज सहा पै.
बापास रुपया एक, अंगठा घेतला.
नाव नाही.

मी त्याला सटवा म्हणते.
हे नाव माझं, वहीतलं नव्हे,
तेवढं ध्यानात ठेवा.

सटवा देवी-डॉक्टरच्या घोड्यामागून चालला असेल,
डावा हात अंगापासून लांब धरून.
फोड फुटला तर रुपया परत द्यायचा होता.
बांबवड्यापर्यंत ताप चढला असेल.
चढतोच. मी आयांना रोज सांगते,
घाबरू नका, लस लागू झाल्याची खूण आहे.
त्याला कुणी सांगितलं असेल?

पाटलाच्या ओट्यावर मांड्यांवर बाळं,
सटवा गोठ्याच्या कडेला, उन्हात,
आपली सावली कुठं पडते बघत सरकणारा.
देवी-डॉक्टर नस्तर घेऊन जायचा, यायचा,
या दंडावरून त्या दंडावर.
पाणी त्याला वरून, ओंजळीत,
भांडं न टेकवता.
आणि त्याच्या फोडातलं पाणी
पोटच्या लेकरांच्या रक्तात उतरवून घेतलं,
सुईच्या टोकाएवढं, जपून.
विचारलं असेल एखादीनं, कुणाचं हे?
डॉक्टर म्हणाला असेल, गाईचं.
खोटं नव्हे, मुळात गाईचंच.
गाय चालली.

नर्सिंगच्या पुस्तकात एक ओळ होती,
पूर्वी लस हातातून हातात दिली जाई.
परीक्षेला दोन मार्कांना आली.
मी लिहिली, दोन मिळाले.
हातातून हातात,
जसा काही तिळगूळ.

माझ्या दंडावरही देवीचा वण आहे.
तो त्याचा नव्हे, माझ्या वेळी लस बाटलीतून आली.
तरी आंघोळ करताना
बोट तिथं थांबतं.

ओट्यावरची ती बाळं जगली.
त्यांची पंतवंडं येतात माझ्याकडं,
माणसं चांगली आहेत, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.
त्यांना मी काय सांगू,
आणि कुठल्या तोंडानं न सांगू?

वहीत पानाच्या मधोमध एक रकाना होता, परत.
औषधपेटी, पोचली.
नस्तरं तीन, पोचली.
घोडा पोचला, एक नाल गेला.
मुलगा.
हिंदुरावांनी भिंग धोतराला पुसलं, पुन्हा लावलं.
"वाळवीनं खाल्लं असणार," म्हणाले.
वाळवी कडेला होती.

आज संध्याकाळी खिडकीवर डबा जमा केला.
कॅरियर परत, पाच वाजून दहा मिनिटं.
बर्फ शिल्लक. झाकण ठीक. सही.
खिडकीतला पोरगा हसतो,
"सिस्टर, रोज एवढं काय निरखता?
डबाच तर आहे."

व्हय, म्हणते,
आणि वेळ पुन्हा एकदा गिरवते.