धार

खणभागात, शिलाई मशीनच्या दुकानावर
दहा बाय बाराची खोली.
दस्तगीर शिकलगार म्हणतात,
आजोबांनी अख्ख्या पेठेच्या कात्र्यांना धार लावली,
मी लग्नं कापतो.

पहिला आठवडा एकच हात दिला कापायला,
अक्षता टाकणारा.
"खाली आल्यावर नाही गं, उठतानाच काप.
डोळा हाताबरोबर पळतो, सांधा बघायला थांबत नाही."
चाळीसदा चुकले.

मग आवाज.
"जिन्यात चपला वाजल्या की कळतं ना कोण आलं?
तसंच. आधी ऐकव, मग दाखव."
खाली मशीन घरघरत होतं.
त्यांनी खिडकी लावली नाही.

आष्ट्याचे मगदूम पेनड्राइव्ह घेऊन आले.
धाकट्या काकांना काढा सगळ्यातून.
जमिनीचं काहीतरी.

काढलं.
पंगतीतून, फेट्यांच्या रांगेतून,
जिथं भोक पडलं तिथं
सनईवाल्याच्या फुगलेल्या गालांचं ठिगळ.

एक हसू राहिलं.
नवरी उखाणा विसरते
आणि चौकटीबाहेरून काका खो खो हसतात,
मग ती लाजते.
ट्रॅक बंद केला
तर तिचं लाजणं खोटं वाटतं,
कुणीतरी सांगितल्यासारखं.

दस्तगीरमामांनी हेडफोन लावला.
काढला.
चहा सांगायला खाली गेले,
खरं तर पोरगा वरच येतो चहा घेऊन.

फाइल एक्सपोर्टला टाकली.
ब्याऐंशी टक्क्यांवर लाइट गेली.

तासाभरानं आली.
पुन्हा पहिल्यापासून टाकली,
हसू होतं तिथंच.