गुरुवारची शेड

कर्वेनगरच्या हॉलवाल्यानं दुसऱ्याच दिवशी हाकललं.
भोसरीत गुरुवारी मशिनं बंद,
म्हणून वाळुंजमामांच्या लेथशेजारी
तीन वर्षं एकच रिफ,
इतकी संथ
की ड्रमच्या दोन ठोक्यांमध्ये
शर्वाणी चहा सांगून यायची
आणि परत येऊन किंचाळायची,
लाइटबिलाच्या पाठीवर लिहिलेलं.

आज खोकं फोडलं. पन्नास कॅसेट.
वर लोखंडाच्या किसाचा फोटो.
रोहिदासचं आडनाव चुकलंय.
बॉलपेननं त्यानं पन्नास वेळा दुरुस्त केलं,
शेवटच्या दहांना घाई करत
(वाजवतानाही त्याचं तेच).

मामांनी अख्खी बाजू ऐकली,
कान टेपला लावून, डोळे मिटून,
जसा रोज स्पिंडल ऐकतात.
"बेअरिंग गेलंय," म्हणाले,
आणि चिंधीला हात पुसून
कॅसेट उलटी केली.