धुवण

पहिली बाटली नेहमी तांदळाच्या धुवणासारखी.
दुसरीही तशीच. पाचवीला जरा निवळल्यासारखं वाटतं,
मग पुन्हा गढूळ. मी छातीवर थापट्या मारत राहते.
उजवं फुप्फुस कोमट पाण्याने भरायचं, रिकामं करायचं,
तोवर डाव्याने एकट्याने श्वास ओढायचा.
चिहारु नऊ वर्षांची. भूल उतरली की पहिलं विचारते,
"आज किती?"
"चौदा."
ती वहीत लिहून ठेवते, शाळेतले गुण लिहावेत तसे.

निइगाताच्या या दवाखान्यात मी बाटल्या मोजणारी.
डॉक्टर इगाराशी त्या तिसऱ्या मजल्यावर नेतात,
तळाचा साका हलकेच उचलतात,
त्यात पेशी शोधतात.
एकदा मलाही सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.
"या बघ, भक्षक पेशी. फुप्फुस आवरून ठेवायचं काम यांचं."
फुगलेल्या होत्या बिचाऱ्या, पोटात फेसाचे थेंब घेऊन.
"आळशी म्हणायच्या का?"
"आळशी नाहीत गं, बहिऱ्या आहेत.
शरीर हाका मारतंय, साठलंय ते काढा, काढा,
आणि यांना कानच नाहीत.
कान घडवायच्या जनुकात एक अक्षर चुकलंय."

मग बराच वेळ गप्प.
काच पुसता पुसता म्हणाल्या,
"माझे वडील असेच."

उओनुमाच्या डोंगरात त्यांचं गाव.
छपरावरचा बर्फ वेळेत उतरवला नाही
तर घर एका रात्रीत मान टाकतं.
पहाटे पाचला खांबावरचा भोंगा सांगतो, आज छपरं मोकळी करा.
तोकुजी एक्याऐंशीचे. फावडं दाराशी, दंडात अजून जोर,
फक्त भोंगा पोचत नाही.
शेजारचा यायचा, खांद्याला हात लावायचा,
की हे उठून शिडीवर.
शेजारचा मागच्या वर्षी लेकाकडे शहरात गेला.

अकरा वर्षं उंदरांत गेली.
एका हिवाळ्यात फ्रीजर बंद पडला, चारशे नळ्या वितळल्या.
त्या दिवशी डॉक्टरांनी जिन्यात बसून
अख्खा डबा संपवला, एक शीत ठेवलं नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या नळीपासून.
नीट जनुक पेशीत पोचवायला त्यांनी विषाणूच निवडला,
दात पाडलेला.
"चोराच्या हाती किल्ल्या," मी म्हणाले.
"उलटा चोर आहे हा," त्या म्हणाल्या,
"घरात शिरतो आणि ठेवून जातो."

ऑक्टोबरात चिहारुच्याच पेशी,
कान बसवून, वाढवून, नळीतून परत उजवीकडे सोडल्या.
चार चमचे पाणी. एवढंच.
तिच्या आईला वाटलं, खरं काम अजून व्हायचंय;
ती कोट हातात धरून उभीच राहिली.

छातीच्या चित्रात काळं म्हणजे हवा.
पांढरं ते दुखणं.
बारा आठवडे पांढरंच निघालं.
जिन्यात भेटणारे विचारायचे थांबले.
आज उजव्या तळाशी एक काळा ठिपका,
अंगठ्याच्या नखाएवढा.
"कोन चुकला असेल," डॉक्टर म्हणाल्या. पुन्हा काढायला लावलं.
होता.

कुणी काही बोललं नाही. डावं अजून तसंच आहे,
आणि एका नखावर कुणी श्वास घेत नाही.
चिहारुने वही उघडली, या महिन्याचं पान कोरं.
"शून्य लिहू," तिने विचारलं, "की काहीच नको?"
मला सांगता आलं नाही.

डॉक्टर बोळकांडीत जाऊन गावी फोन लावत होत्या.
बाहेर सकाळपासून बर्फ लागलेला.
तिकडे तर दुप्पट असणार.
घंटी वाजत राहिली. उचलणार कोण, त्यांना ठाऊकच होतं.
तरी कानाचा फोन काढला नाही,
एका रिकाम्या नसलेल्या घरात
घंटी वाजतेय, एवढं ऐकत उभ्या राहिल्या.