वर टाकलेलं

टे नदीवरचं धुकं खिडकीपर्यंत येतं
आणि डंडीतल्या या तिसऱ्या मजल्यावर मी
एका मेणबत्तीवालीला ओळख ठेवायला शिकवते आहे.

तिचं नाव ऑर्ला.
खेळातल्या बंदरात, जकातनाक्याच्या आडोशाला तिचं पाल.
चार हजार गिऱ्हाइकं एकाच वेळी,
आणि प्रत्येकाला वाटायला हवं, ही आपल्याशीच बोलतेय.

पहिल्या आराखड्यात मी विश्वासाला आकडा दिला.
फूल दिलं की दोन. ख्यालीखुशाली विचारली की एक.
घासाघीस फार झाली की उणे तीन.
आठवड्याभरात लोकांनी ओळखलं.
बर्मिंगहॅमचा एक पोरगा रात्रभर जागून
एकच डेझी सहाशे वेळा देत राहिला,
सकाळी ऑर्ला त्याच्यावर जीव ओवाळत होती.
मला तिची लाज वाटली.
म्हणजे माझीच.

मग तिला विसरायला शिकवलं.
रोज थोडं, ओल्या भिंतीचा चुना सुटतो तसं.
तर एका बाळंतिणीचं पत्र आलं:
तीन महिने येता आलं नाही,
तिनं ओळखसुद्धा दाखवली नाही हो.
मी विसरण्याचा वेग निम्मा केला.
निम्माच का, ते विचारू नका.

कॅलम म्हणतो, एकानं तिला फसवलं
तर भाव सगळ्यांनाच चढायला हवा, बाजार असाच असतो.
मॉराग म्हणते, मग पहिला चोर येईपर्यंतच खेळ.
बिस्किटं संपेपर्यंत हे चालतं.

येवल्याला अप्पांचं भुसार दुकान होतं.
'आज रोख उद्या उधार' ही पाटी त्यांनी स्वतः रंगवली
आणि तिच्याचखाली बसून जन्मभर उधारी लिहिली.
पारडी समान झाली तरी त्यांचा हात थांबत नसे,
पुन्हा पोत्यात जायचा,
मूठभर वर.
कुणाला, किती, याचा नियम मला सापडला नाही.
त्यांच्याकडेही नसावा.

इथे ब्रॉटी फेरीत, शुक्रवारी,
स्ट्रॅकन हॅडकच्या पुडीत एक जादा तुकडा सरकवतो
आणि हवेला शिव्या देतो, म्हणजे मी आभार मानू नयेत.

तिसऱ्या आराखड्यात आकडा दिसतच नाही.
सहा मेणबत्त्या मोजून झाल्यावर
कधीतरी ऑर्लाचा हात टोपलीत परत जातो.
एक वाकडी, सातवी.
ती काही बोलत नाही. घंटा वाजत नाही.

मंगळवारी सोडलं. गुरुवारपर्यंत तीनशे अकरा तक्रारी.
सहाचे पैसे, सातची नोंद, दुरुस्त करा.
माझ्या मेव्हण्याला मिळाली, मला का नाही.
भेदभाव.

आणि एक जण, नाव नुसतंच 'तारवाला७१',
चाळीस मिनिटं तिच्या पालासमोर उभा.
मी नोंदी उघडून बघितल्या:
तो सातवी मेणबत्ती परत द्यायला बघत होता.
पुन्हा पुन्हा पुढे करत होता.
ऑर्ला हसत होती, कारण तिला तेवढंच येतं.
परत घेणं मी लिहिलंच नव्हतं.

शेवटी त्यानं ती फरशीवर ठेवली, पेटवली,
आणि खेळातून बाहेर पडला.
आमच्या मेणबत्त्या वीस मिनिटं जळतात.
ही वाकडी असल्यानं सतरा.

मॉरागनं कोट चढवत विचारलं,
ते जादा मेणबत्तीचं काढून टाकायचं ना?
मी म्हटलं, उद्या.